अंतर-वेग-वेळची शाब्दिक उदाहरणं : समीकरण मांडायचं तरी कसं?

पारिजात_अंगण
नमस्कार मंडळी. लेक यंदा दहावीला आहे, स्टेट बोर्ड. गणित तसं बरं आहे तिचं, दोन समीकरणं मांडून दिली की चटचट सोडवते, वर्गसमीकरणाचे अवयवही पाडते, पण तेच शाब्दिक उदाहरण आलं आणि त्यात रेल्वे, मोटार, नाव असलं काही दिसलं की पेन खाली. वहीत वर चौकट करून 'अंतर = वेग × वेळ' लिहिलेलं असतं, त्याखाली 'समजा वेग क्ष मानू', आणि तिथून पुढे पान कोरं. क्लासमध्ये प्रकार १, प्रकार २ अशी झेरॉक्स वाटलीय, प्रत्येक प्रकाराला वेगळं सूत्र, ती पाठ करते बिचारी पण पेपरात शब्द जरा फिरवले की हा कुठला प्रकार हेच ओळखता येत नाही. काल अडलेलं उदाहरण देते :

एक रेल्वेगाडी एकसमान वेगाने ३६० किमी जाते. तिचा वेग ताशी ५ किमीने जास्त असता तर तेवढंच अंतर जायला ४८ मिनिटं कमी लागली असती. तर गाडीचा वेग किती?

उत्तर नकोय, ते मागे दिलेलं आहे. तिला हे मांडायला कसं शिकवू ते हवंय. कुणी शिकवणारे असाल तर प्लीज सांगा.

खडूफळा
ताई, माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आता निवृत्त आहे. तुम्ही जे वर्णन केलंत ना, वर सूत्र, मग 'क्ष मानू', मग कोरं पान, हे दर बॅचला निम्म्या मुलांच्या वहीत दिसायचं. मुलगी हुशार आहे, तिला बीजगणित येतंय. तिला फक्त एवढंच कुणी सांगितलेलं नाही की बरोबरचं चिन्ह कुठून आणायचं. सूत्र पाठ असून ते सुचत नाही, कारण 'अंतर = वेग × वेळ' हे समीकरण नव्हेच, तो त्या तिघांमधला कायमचा संबंध आहे, तो प्रत्येक उदाहरणात खराच असतो. उदाहरणाचं स्वतःचं समीकरण निराळं असतं आणि ते वाचून शोधावं लागतं.

झेरॉक्स बाजूला ठेवा आणि तिला तीन रकाने आखायला लावा. अंतर, वेग, वेळ. एवढेच. आणि ओळी किती, तर उदाहरणात जितके प्रवास तितक्या. तुमच्या उदाहरणात गाडी एकच आहे पण प्रवास दोन आहेत, एक खराखुरा झालेला आणि एक 'झाला असता तर' वाला. मुलं इथेच पहिल्यांदा अडखळतात, त्यांना वाटतं गाडी एक म्हणजे ओळ एक.

खरा प्रवास : अंतर ३६० | वेग क्ष | वेळ ?
जर-तरचा प्रवास : अंतर ३६० | वेग क्ष + ५ | वेळ ?

आता वेळेचा रकाना भरायचा, पण तो भरताना पुस्तक झाकायचं. खरंच हाताने झाकायला लावा. हा रकाना प्रश्नातून भरायचाच नाही, शेजारच्या दोन रकान्यांतून भरायचा. अंतर भागिले वेग. म्हणजे वरच्या ओळीत ३६०/क्ष आणि खालच्या ओळीत ३६०/(क्ष + ५).

मग पुस्तक उघडायचं आणि विचारायचं, प्रश्नातली कोणती गोष्ट आपण अजून वापरलेली नाही? ३६० वापरले, ५ वापरले. ४८ मिनिटं तशीच पडून आहेत. ती ज्या वाक्यात आहेत ते वाक्य म्हणजे समीकरण. बास. कमी वेगाला जास्त वेळ लागतो म्हणून ३६०/क्ष मोठा, त्यातून लहान वजा करायचा आणि उरतात ४८ मिनिटं :

३६०/क्ष − ३६०/(क्ष + ५) = ४/५

४/५ का, तर वेग ताशी आहे म्हणून ४८ मिनिटांचे तास केले, ४८/६०. डाव्या बाजूला छेद सारखे केले की वर ३६० × ५ म्हणजे १८०० उरतात आणि खाली क्ष(क्ष + ५). तिरका गुणाकार केला की क्ष² + ५क्ष − २२५० = ०, अवयव (क्ष + ५०)(क्ष − ४५). वेग ताशी ४५. पडताळा तोंडीच होतो, ४५ ने ८ तास, ५० ने ७ तास १२ मिनिटं, फरक ४८.

अवयव, छेद वगैरे तिला येतंच म्हणता, म्हणून ते पटकन लिहिलं. वेळ घालवायचा तो तक्त्यावर.

रात्रपाळी
सर, पुस्तक झाकायची आयडिया फार म्हणजे फारच आवडली. मी लहान भावाला शिकवतो, तो वेळेच्या रकान्यातच ४८ लिहून टाकतो आणि मग त्याला समीकरण करायला काही शिल्लकच राहत नाही. आज कळलं घोटाळा कुठे होत होता.

कैरीचं_लोणचं
एक शंका. −५० हे उत्तर 'वेग ऋण नसतो' म्हणून सोडून द्यायचं हे ठीक, पण ते येतंच का? नेहमी मनात येतं की गणिताला माहीतच नसतं का गाडी पुढे जातेय ते.

खडूफळा
चांगला प्रश्न. समीकरणाला गाडी माहीत नसते, त्याला फक्त तुम्ही मांडलेला संबंध माहीत असतो. −५० घालून बघा, ३६०/(−५०) म्हणजे −७.२ आणि दुसरा ३६०/(−४५) म्हणजे −८. फरक परत ०.८ तासच, म्हणजे ४८ मिनिटं. चिन्ह काढून वाचलंत तर ते असं होतं, की ताशी ५० ने जाणाऱ्या गाडीचा वेग ५ ने कमी केला तर ४८ मिनिटं जास्त लागतात. म्हणजे आपलंच उदाहरण उलट्या बाजूने. म्हणून दोन्ही मुळांत तेच ४५ आणि ५० दिसतात. वर्गात कुणी हे विचारलं की मला फार आनंद व्हायचा, कारण एरवी मुलं ते मूळ नुसतं खोडून टाकतात. परीक्षेत मात्र 'वेग ऋण नसतो' एवढं कारण लिहावंच, न लिहिता सोडू नये.

तलाठी_होणारच
सरांबद्दल आदर आहे पण स्पर्धा परीक्षेवाल्यांना हे असं तक्ता आखून परवडत नाही हो. आम्हाला एका प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही. तिथे सूत्र पाठच लागतं. जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०, सरासरी वेग किती? २ × ४० × ६० भागिले १००, उत्तर ४८, झालं. आणि वरच्या रेल्वेच्या उदाहरणाला तर पर्याय दिलेले असतील तर एकेक घालून बघायचे, ४५ ला ८ तास सरळ जातात, दहा सेकंदात टिक. दहावीच्या मुलांनीही आतापासून हे शिकलं तर पुढे त्रास होणार नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

खडूफळा
पर्याय घालून बघणं उत्तम, त्याला माझी ना नाही, तो पडताळाच आहे. पण सूत्राबद्दल एक विचारतो. एक माणूस निम्मा वेळ ताशी ४० ने गेला आणि निम्मा वेळ ताशी ६० ने गेला, सरासरी वेग किती?

तलाठी_होणारच
४८... थांबा, निम्मा वेळ म्हणताय. म्हणजे समजा एक तास ४० ने आणि एक तास ६० ने, दोन तासांत १०० किमी, ५०. बरोबर, इथे ते सूत्र चालत नाही.

खडूफळा
तुम्ही लगेच सावरलात कारण तुम्ही 'समजा एक तास' म्हणून तक्ता मनातल्या मनात आखलात. जाताना-येताना अंतर सारखं असतं म्हणून हळू जाण्यात वेळ जास्त जातो आणि सरासरी ४० कडे झुकते, ४८ येते. वेळ सारखा असेल तर मधोमध ५०. सूत्र पाठ असायला हरकत नाही, ते कुठल्या रकान्यात काय सारखं आहे यावरून आलंय एवढं ठाऊक पाहिजे. अंतर १२० धरून एकदा मांडून बघा, ३ तास आणि २ तास, २४० भागिले ५. पाच सेकंद लागतात आणि पाठही करावं लागत नाही. दहावीच्या मुलीला हे आधी आणि शॉर्टकट मागून.

तलाठी_होणारच
अंतराला लसावि धरायचा, हे मस्त आहे. क्लासला असं कुणी सांगितलं नाही. नोट केलं सर.

जुना_गार्ड
धागा छान चाललाय. मी रेल्वेत गार्ड होतो, मध्य रेल्वेवर. गणितातल्या रेल्वेबद्दल दोन गोष्टी लिहाव्या वाटतात. या उदाहरणांत 'गाडीने खांब ओलांडला', 'गाडीने पूल ओलांडला' असं येतं आणि मुलं पुलाच्या उदाहरणात गाडीची लांबी धरायला विसरतात. आमच्याकडे हे विसरून चालायचं नाही. रुळाचं काम सुरू असलं की तेवढ्या पट्ट्यात वेगमर्यादा घालतात, आणि पट्टा संपला की ड्रायव्हरला लगेच वेग वाढवता येत नाही, कारण इंजिन बाहेर पडलं तरी शेवटचा डबा अजून त्या पट्ट्यातच असतो. म्हणून पट्टा संपल्यावर आणखी गाडीभर लांबीवर पिवळ्या रंगाचा बोर्ड असतो, पॅसेंजर गाड्यांसाठी 'टी/पी' आणि मालगाड्यांसाठी 'टी/जी'. मालगाडी लांब, म्हणून तिचा बोर्ड आणखी पुढे. ज्या मुलाने हे दोन बोर्ड डोळ्यांसमोर आणले तो पुलाच्या उदाहरणात अंतर कधी चुकणार नाही. खांब ओलांडायचा तर अंतर गाडीच्या लांबीएवढं, आणि प्लॅटफॉर्म किंवा पूल ओलांडायचा तर त्याची लांबी अधिक गाडीची लांबी.

एक देतो ताईंच्या मुलीसाठी. गाडी खांबाला १२ सेकंदांत ओलांडते आणि ३०० मीटरच्या प्लॅटफॉर्मला २७ सेकंदांत, तर गाडीची लांबी आणि वेग काढ.

दुसरी गोष्ट 'एकसमान वेग' या शब्दाची. खऱ्या प्रवासात एकसमान वेग नसतोच. कर्जत ते लोणावळा घाटाला ३७ ला १ असा चढ आहे, पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात आणि गाडी अगदी सावकाश चढते, तीच गाडी घाट संपल्यावर सपाटीला सुसाट. तेव्हा मुंबई-पुणे १९२ किमी भागिले लागलेले तास हा जो आकडा येतो तो सरासरी, त्या वेगाने गाडी कदाचित सगळ्या वाटेत मिनिटभरच धावली असेल. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी गेली, सुमारे ३४ किमी आणि ५७ मिनिटं. हिशेब केला तर ताशी ३६ च्या आसपास येतात, तेही सरासरीच. पुस्तकात 'एकसमान' लिहिलं म्हणजे सरासरी हाच वेग धरून चाला असं समजायचं.

पारिजात_अंगण
गार्डकाका, मुलीला दोन्ही बोर्ड कागदावर काढून दाखवले आणि तिने तुमचं उदाहरण स्वतः सोडवलं! दोन ओळी केल्या, एकीत अंतर ल, वेळ १२, दुसरीत अंतर ल + ३००, वेळ २७, वेग दोन्हीकडे व. ल = १२व आणि ल + ३०० = २७व. वजाबाकी करून १५व = ३००, व = २०. लांबी २४० मीटर. वेग सेकंदाला २० मीटर म्हणजे ताशी ७२ किमी असंही लिहिलंय. खडूफळा सर, तुमचं पुस्तक झाकणं तिला फार आवडलंय, आता प्रत्येक उदाहरणाला झाकते.

पण आता नाव अडली. प्रवाहाच्या दिशेने, प्रवाहाच्या विरुद्ध, दोन वेगवेगळे प्रवास आणि एकूण वेळ दिलेला. ओळी चार होतात आणि ती गोंधळते.

खाडीकाठ
याचं उत्तर मी देतो, आमचं गाव खाडीवर आहे, सिंधुदुर्गात, लहानपणापासून होडीतच. खाडीत वरच्या गावाला जायचं तर माणसं भरती बघून निघतात आणि ओहोटीला परत येतात, का, तर दोन्ही वेळा पाणी आपल्या बाजूने. वेळ चुकली तर वल्हवून खांदे दुखतात आणि होडी जागची हलत नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पुनवेच्या पुढे-मागे, पाण्याला ओढ जास्त आणि भांगाच्या दिवसांत कमी. मुलीला सांगा होडीचा स्वतःचा वेग वेगळा आणि पाण्याचा वेग वेगळा, काठावरच्या माणसाला दिसते ती दोघांची बेरीज किंवा वजाबाकी. संथ पाण्यात होडी क्ष आणि प्रवाह य धरला तर प्रवाहाबरोबर क्ष + य, प्रवाहाविरुद्ध क्ष − य. पुस्तकात पाण्याची ओढ सगळा वेळ सारखी धरतात, खाडीत तशी नसते, पण उदाहरणापुरतं ठीक.

आता उदाहरण घेऊ. नाव प्रवाहाबरोबर २४ किमी आणि प्रवाहाविरुद्ध १६ किमी जायला एकूण ४ तास घेते. तीच नाव प्रवाहाबरोबर ३६ आणि विरुद्ध ४० किमी जायला ८ तास घेते. चार ओळी होतात हे खरं पण वेग दोनच आहेत, म्हणून वेळेच्या रकान्यात खाली तेच दोन छेद परत परत येतात :

२४/(क्ष + य) + १६/(क्ष − य) = ४
३६/(क्ष + य) + ४०/(क्ष − य) = ८

इथे बघून घाबरतात मुलं. १/(क्ष + य) ला म म्हणा आणि १/(क्ष − य) ला न म्हणा. म म्हणजे काय, तर प्रवाहाबरोबर १ किमी जायला लागणारा वेळ. हे कुणी सांगत नाही, नुसतं 'म मानू' म्हणतात. न म्हणजे विरुद्ध १ किमी जायचा वेळ. मग २४म म्हणजे २४ किमीचा वेळ, वाचलं तरी पटतं. पहिल्याला ४ ने भागा, ६म + ४न = १. दुसऱ्याला ४ ने भागा, ९म + १०न = २. पहिल्याला ५ ने, दुसऱ्याला २ ने गुणून वजा करा, १२म = १, म = १/१२, त्यावरून न = १/८. म्हणजे क्ष + य = १२, क्ष − य = ८, नाव १० आणि प्रवाह २. पडताळा, २४ ला २ तास, १६ ला २ तास, चार झाले.

कैरीचं_लोणचं
'१ किमीचा वेळ' हे वाचून इतकी वर्षं न उलगडलेलं काहीतरी उलगडलं. शाळेत आम्ही ती अक्षरं नुसती बदलायचो.

पाटणादेवी_रोड
गणिताच्या इतिहासाची आवड म्हणून भर घालतो. एकमेकांकडे येणाऱ्या दोघांच्या वेगांची बेरीज आणि एकाच दिशेने जाणाऱ्यांची वजाबाकी, आणि मधल्या अंतराला त्याने भागलं की भेटीची वेळ, हा नियम आर्यभटाने आर्यभटीयाच्या गणितपादात दिलाय, इ. स. ४९९. त्याच्या समोर रेल्वे नव्हती, ग्रह होते, दोन ग्रह एकत्र कधी येतील वा येऊन गेले ते काढायला. आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० मध्ये, मोर आणि सापाचं उदाहरण आहे. ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, साप खांबाच्या तिप्पट म्हणजे २७ हातांवरून बिळाकडे येतोय, मोर त्याच्यावर तिरका झेपावतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? सरांचा तक्ता लावून बघा, वेळ सारखा आणि वेगही सारखा म्हणून अंतर सारखं, तेच समीकरण. बिळापासून क्ष हात, सापाचं अंतर २७ − क्ष, मोराचं पायथागोरसने. ८१ + क्ष² = (२७ − क्ष)², क्ष² दोन्हीकडचे गेले, ५४क्ष = ६४८, १२ हात. भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. दहावीच्या सुट्टीत मुलीला दाखवायला जरूर आणा.

खडूफळा
वा! मोराच्या उदाहरणात आधी क्ष² दिसतो आणि मग दोन्हीकडून निघून जातो, हे मुलांना फार आवडतं.

रात्रपाळी
भावाची वही आत्ता बघितली, एक चूक सारखी दिसतेय म्हणून इथे टाकतो, इतरांनाही होत असणार. उदाहरण असं होतं. एसटी सकाळी ६ ला निघाली ताशी ४५ ने, त्याच स्टँडवरून त्याच रस्त्याने मोटार ७ वाजून २० मिनिटांनी निघाली ताशी ७५ ने, मोटार एसटीला कधी गाठेल? तक्ता छान आखलाय, अंतर दोघांचं सारखं हेही ओळखलंय, मोटारीची वेळ ट, एसटीची ट + १.२० असं लिहिलंय. एक तास वीस मिनिटं म्हणून १.२०. घड्याळातला टिंब आणि दशांश चिन्ह त्याने एकच केलंय. त्यामुळे ४५ × १.२ = ५४, आणि ३०ट = ५४, १.८ तास, आणि त्याचं परत घड्याळ करताना १ तास ८० मिनिटं लिहून पुढे सगळा आनंद.

जुना_गार्ड
हे मोठी माणसंही करतात. ४५ मिनिटांचे ०.४५ तास.

खडूफळा
म्हणून मी दशांशच वापरू द्यायचो नाही. मिनिटं आली की खाली ६० लिहायचे. २० मिनिटं म्हणजे २०/६०, म्हणजे १/३. एसटीची वेळ ट + ४/३. आता ४५(ट + ४/३) = ७५ट. ४५ × ४/३ = ६० पूर्ण जातं, ६० = ३०ट, ट = २ तास. ९ वाजून २० मिनिटांनी, स्टँडपासून १५० किमीवर. आणि यात आर्यभटही दिसतो बघा, मोटार निघाली तेव्हा एसटी ६० किमी पुढे होती, वेगांचा फरक ३०, म्हणून दोन तास. भावाला दोन्ही रीतींनी करायला लावा. अजून एक, ट कुणाचा ते लिहायला लावा. 'ट = मोटारीला लागलेले तास' असं पूर्ण वाक्य. नुसतं 'वेळ ट मानू' लिहिलं की शेवटी ट मिळाल्यावर तो ६ मध्ये मिळवायचा की ७:२० मध्ये ते कळत नाही.

तलाठी_होणारच
सर घड्याळाच्या काट्यांचे प्रश्नही यातच बसतात का? ३ नंतर काटे एकमेकांवर कधी येतात वगैरे. आम्ही त्याला वेगळं प्रकरण समजून पाठ करतो.

खडूफळा
याच एसटी-मोटारीत. मिनिटकाटा मिनिटाला ६ अंश, तासकाटा अर्धा अंश. ३ वाजता तासकाटा ९० अंश पुढे. फरक साडेपाच, ९० भागिले साडेपाच, १६ पूर्णांक ४/११ मिनिटं. वेगळं प्रकरण कशाला.

पारिजात_अंगण
सगळ्यांचे किती आभार मानू. आज तिने चाचणीतलं एक उदाहरण स्वतः सोडवलं, सरांनी तपासावं अशी तिची इच्छा आहे म्हणून तिच्या वहीतलं जसंच्या तसं टाइप करतेय.

उदाहरण : एका मोटारीला १२० किमी जायचं होतं. बरोबर निम्म्या वाटेत पंक्चर झाल्याने ती २० मिनिटं थांबली. पुढे ताशी १५ किमी वेग वाढवून ती ठरलेल्या वेळेलाच पोचली. तर मूळ वेग किती?

तिचं उत्तर : क्ष = मोटारीचा मूळ वेग, ताशी किमी. पहिली ६० किमी ठरल्याप्रमाणेच झाली, तिथे काही बदललं नाही, म्हणून ती ओळ काढून टाकली. दुसऱ्या ६० किमीच्या दोन ओळी. ठरलेला : ६०, क्ष, ६०/क्ष. झालेला : ६०, क्ष + १५, ६०/(क्ष + १५). न वापरलेलं वाक्य, २० मिनिटं थांबूनही वेळेत पोचली, म्हणजे झालेल्या प्रवासात २० मिनिटं कमी लागली. ६०/क्ष − ६०/(क्ष + १५) = १/३. ९००/(क्ष(क्ष + १५)) = १/३. क्ष² + १५क्ष − २७०० = ०. (क्ष + ६०)(क्ष − ४५) = ०. क्ष = ४५.

पहिली ओळ काढून टाकली ते चालतं का असं विचारतेय, क्लासमध्ये पूर्ण १२० वर केलंय आणि दोन पानं झालीत.

खडूफळा
चालतं काय, तेच करायला हवं होतं. पहिल्या निम्म्या वाटेचा वेळ ठरलेल्या प्रवासातही ६०/क्ष आणि झालेल्या प्रवासातही ६०/क्ष, दोन्ही बाजूंना लिहिला असता तर खोडलाच गेला असता. तिने तो लिहिण्याआधीच ओळखला. पेपरात मात्र एक ओळ कारण लिहावं, 'पहिल्या ६० किमीला लागणारा वेळ दोन्ही प्रवासांत समान', म्हणजे तपासणाऱ्याला शोधत बसावं लागणार नाही. दोनच गोष्टी राहिल्यात. −६० का सोडलं ते लिहिलेलं नाही. आणि शेवटी 'मोटारीचा मूळ वेग ताशी ४५ किमी' असं पूर्ण वाक्यात लिहायचं, नुसतं क्ष = ४५ नाही. पडताळा मी केला, ८० मिनिटं आणि ६० मिनिटं, २० चा फरक जुळतोय.

पुढचं तिला हे द्या. दोन गाड्या समोरासमोरच्या रुळांवर विरुद्ध दिशांनी, लांबी २४० मीटर आणि २६० मीटर, वेग ताशी ७२ आणि ताशी १०८. इंजिनं समोरासमोर आल्यापासून शेवटचे डबे एकमेकांना ओलांडेपर्यंत किती सेकंद?

पारिजात_अंगण
माझ्या मागे उभी राहून वाचत होती, लगेच म्हणाली १० सेकंद. ५०० मीटर, २० अधिक ३०.

जुना_गार्ड
शाब्बास. आता तिलाच विचारा, दोन्ही गाड्या एकाच दिशेने जात असत्या आणि १०८ वाली मागून येत असती, तर किती?